आब्लार: एका क्रियापदाचे काळ

नमस्कार. आज फळ्यावर मी एकच क्रियापद लिहिणार आहे, ‘आब्लार’, म्हणजे बोलणे. स्पॅनिशमध्ये ते ‘ह’ने सुरू होतं, पण तो ‘ह’ कुणी उच्चारत नाही. लॅटिनमधल्या ‘फाबुलारी’, म्हणजे गप्पा मारणे, या शब्दापासून ते आलं. ‘फ’चा ‘ह’ झाला आणि पुढे तोही गळून पडला, कागदावर तेवढा उरला. शेजारच्या पोर्तुगीजने मात्र ‘फ’ सोडला नाही. गोव्यातल्या जुन्या पिढीतल्या लोकांना ‘फालार’ ठाऊक असेल, तो याचाच भाऊ.

हे क्रियापद नियमित आहे. शेवटचं ‘आर’ काढलं की ‘आब्ल’ उरतं आणि त्याला प्रत्यय लागतात. वर्तमानकाळात आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान: मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते. यातलं ‘आब्लाइस’ स्पेनबाहेर जवळजवळ ऐकूच येत नाही, लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही’लाही ‘आब्लान’च चालतं. ‘मी’साठी ‘यो’ हा शब्द आहे, पण तो बहुतेक वेळा गाळतात, कारण ‘आब्लो’तच ‘मी’ आला. इंग्रजीतून शिकणाऱ्याला याचं नवल वाटतं. आपण ‘जेवलास का?’ विचारतो तेव्हा ‘तू’ कुठे म्हणतो?

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे बहुतेक जण स्पॅनिश इंग्रजी पुस्तकातून शिकतात, आणि जे मराठीत आयतं हाताशी असतं ते इंग्रजीच्या खिडकीतून अवघड होऊन दिसतं. वीसेक वर्षं शिकवतेय, दर वर्षी हेच बघते.

मराठी माणसाला एक सूट मिळते, ती आधी सांगून टाकते. आपल्याकडे ‘मी बोलतो’ आणि ‘मी बोलते’ वेगळं. स्पॅनिशमध्ये बाई असो की बुवा, ‘आब्लो’च. आणि भूतकाळात आपण केवढा घोळ घालतो बघा: मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी आंबे खाल्ले. खाणारी मी, आणि क्रियापद मात्र आंब्याच्या मागे धावतं. स्पॅनिशमध्ये तिन्ही ठिकाणी ‘कोमी’, मी खाल्लं, विषय संपला. कर्त्याला धरून राहायचं, ताटात काय होतं ते बघायचं नाही.

आता भूतकाळ. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन आहेत. पहिला: आब्ले, आब्लास्ते, आब्लो, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन. दुसरा: आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. इंग्रजीत दोन्हींना बहुतेक वेळा एकच रूप पुरतं, म्हणून इंग्रजी पुस्तकं दहा-दहा नियम देतात: अमुक वेळेला हा, तमुक वेळेला तो. मी वर्गात नियम देत नाही, एक वाक्य देते. ‘क्वान्दो मि आब्वेला आब्लाबा, तोदोस कायाबामोस. ऊन दीआ नो आब्लो.’ आजी बोलायची तेव्हा आम्ही सगळे गप्प बसायचो. एके दिवशी ती बोललीच नाही.

बोलायची, बसायचो, बोलली. पोटात खड्डा पडला ना? तो त्या ‘बोलली’ने पाडला. ‘बोलायची’ म्हणताना काळ पसरलेला असतो, त्याला ना सुरुवात दिसते ना शेवट. ‘बोलली’ने तो कापला जातो. हा फरक तुम्हाला कुणी शिकवला नाही, तो आईच्या बोलण्यातून आला. ‘आब्लाबा’ म्हणजे बोलायची, बोलत असे, बोलत होती, हे सगळं. शाळेत आपण अपूर्ण भूतकाळ आणि रीतिभूतकाळ असे दोन कप्पे करतो, स्पॅनिश दोन्हीचं काम एका रूपावर भागवते. आणि हे रूप इतकं सरळ, की अख्ख्या भाषेत त्यात अनियमित क्रियापदं तीनच आहेत: असणे, जाणे आणि पाहणे.

या काळाला स्पेनमध्ये ‘इम्पेर्फेक्तो’, म्हणजे अपूर्ण, म्हणतात. आन्द्रेस बेल्यो या व्याकरणकाराला ते नाव पटलं नव्हतं. बेल्यो कराकासचा, जन्म 1781चा, पण आयुष्याचा मोठा भाग त्याने चिलेमध्ये काढला. तिथे 1847 साली त्याने लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषकांसाठी म्हणून व्याकरण लिहिलं आणि काळांची नवी बारशी केली. ‘आब्लाबा’ला त्याने नाव दिलं ‘कोप्रेतेरितो’. ‘को’ म्हणजे सह, म्हणून मराठीत सहभूत म्हणा. भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या सोबतीने चालू असलेला तो सहभूत. आजीचं बोलणं आणि आमचं गप्प बसणं एकत्र चालायचं, म्हणून दोन्हीकडे हेच रूप. मेक्सिकोच्या शाळकरी पुस्तकांत आजही बेल्योची नावं आहेत. मला ती ‘अपूर्ण’पेक्षा कितीतरी शहाणी वाटतात.

तुमच्यातल्या काहींनी मघाशी भुवया उंचावलेल्या मी पाहिल्या. ‘आब्लो’ दोनदा आलं. वर्तमानकाळात मी बोलते ते आब्लो, भूतकाळात तो बोलला तेही आब्लो. देवनागरीत दोन्ही सारखंच दिसतं आणि इथेच आपण आपटतो. पहिल्यात जोर ‘आ’वर, दुसऱ्यात ‘ब्लो’वर. स्पॅनिश लिपीत त्या ‘ओ’वर तिरकी रेघ मारतात. मराठीत जोर बदलला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान त्या बाबतीत अडाणी.

मेक्सिको शहरात एका कॅफेत मी आणि एक मैत्रीण बसलो होतो. तिने काउंटरवर जाऊन पैसे दिले आणि हात धुवायला गेली. वेटर आला. मला सांगायचं होतं, ‘या पागो’, तिने दिले. जोर ‘गो’वर हवा होता, मी तो ‘पा’वर दिला. झालं, त्याचा अर्थ ‘आता मी देते’. त्याने अदबीने बिल पुढे केलं आणि मीही शिकलेली मुलगी म्हणून मुकाट्याने भरलं. मैत्रीण परत आल्यावर जो हशा पिकला त्याचे पैसे वेगळे लागले नाहीत.

जाता जाता एक. हाच प्रसंग माद्रिदमध्ये घडता तर असं झालं नसतं. तिथे आत्ताच घडलेल्या गोष्टीला ‘आ पागादो’ म्हणतात, आपल्या ‘दिलेत’सारखं, सहायक क्रियापद जोडून. तिथे जोर चुकवायला जागाच नाही.

भविष्यकाळ सोपा आहे. इथे ‘आर’ काढायचंसुद्धा नाही, अख्ख्या शब्दालाच शेपूट लावायचं: आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. ही शेपटं आली कुठून? ‘आबेर’, म्हणजे जवळ असणे, या जुन्या क्रियापदाची रूपं आहेत ती: ए, आस, आ, एमोस, आन. ‘आब्लार’ अधिक ‘ए’, बोलायचं आहे. आन्तोनियो दे नेब्रिखाने 1492 साली कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषेचं व्याकरण छापलं, त्याच्याही हे लक्षात आलं होतं. आपल्या ‘मला बोलायचं आहे’मधलं ‘आहे’ घासून घासून शब्दाला चिकटलं असतं तर काय झालं असतं, त्याची कल्पना करा.

पण हा काळ जपून वापरा. उद्या फोन करतो, असं आपण म्हणतो ना? स्पॅनिशमध्येही तसंच, ‘मान्याना ते यामो’, चक्क वर्तमानकाळ. ‘यामारे’ म्हटलंत तर शपथ घेतल्यासारखं वाटतं. याउलट अंदाजाला हा काळ नेमका बसतो. ‘सेरान लास सिन्को’, पाच वाजले असतील. मराठीतलं ‘असतील’ही भविष्याचंच रूप, आणि तेही भविष्याबद्दल काही बोलत नाही.

एका ठिकाणी मात्र मराठी आपल्याला दगा देते. ‘बोलेन म्हणाली’ असं आपण सहज म्हणतो, तिचे शब्द जसेच्या तसे ठेवून. स्पॅनिशमध्ये ‘दिखो के आब्लारिया’ लागतं. आब्लारिया, आब्लारियास, आब्लारिया... हा बेल्योचा ‘पोस्प्रेतेरितो’, भूतकाळात उभं राहून पुढे पाहिलेला काळ. माझे विद्यार्थी इथे हटकून ‘आब्लारा’ ठोकून देतात.

शेवटचं रूप. ‘आर’च्या क्रियापदात ‘आ’चा ‘ए’ करा: आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. पुस्तकं याला सर्वांत अवघड म्हणतात, पोरं याच्या धास्तीने वर्ग सोडतात. ‘क्येरो के आब्लेस’, तू बोलावंस अशी माझी इच्छा आहे. ‘बोलावंस’, तेच हे रूप! इच्छा, विनंती, सल्ला, जिथे जिथे आपला ‘-आवं’ येतो त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हे बसतं. फक्त ‘आब्ले’ म्हणताना जोर ‘आ’वर. ‘ब्ले’वर गेला तर मघाचा भूतकाळ, मी बोलले.

मोठ्यांशी बोलताना स्पॅनिशमध्ये ‘तू’ ऐवजी ‘उस्तेद’ म्हणतात. मूळ शब्द ‘वुएस्त्रा मेर्सेद’, आपली कृपा. कृपा ही तृतीयपुरुषी, म्हणून क्रियापदही तृतीयपुरुषी, आपल्या ‘साहेबांनी बसावं’सारखं. तेव्हा कुणाला काही विचारायचं असेल तर मी आता थांबते. आब्ले उस्तेद. जोर ‘आ’वर.