सहा हजार एक कसे लिहायचे?

[दृश्य: परळमधली एक मराठी शाळा. पाचवीचा वर्ग, गणिताचा तास.]

"लिहा, सहा हजार एक."

बाई आकडा सांगतात, मुलं वहीत उतरवतात. पुढच्या बाकांवर ६००१ आलंय. खिडकीकडच्या रांगेत मात्र तिघाचौघांनी लिहिलंय ६०००१. आधी सहा हजार, म्हणजे ६०००, आणि त्याला लागून १. कानावर पडलं तसं कागदावर आलं.

ही चूक गणिताच्या प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीची. एरवी तिच्यावर लाल फुली पडते आणि एकक, दशक, शतक, हजारचा तक्ता पुन्हा फळ्यावर येतो. आज बाई फुली मारत नाहीत. त्या फळ्याशेजारी एका लेण्याचा मोठा फोटो लावतात.

[दृश्य: नाणेघाट. लेण्याची भिंत, झिजलेली ब्राह्मी अक्षरं.]

सोपारा आणि कल्याणच्या बंदरात उतरलेला माल याच घाटाने जुन्नरला चढायचा. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. वय दोन हजार वर्षांहून अधिक. कोणते यज्ञ केले आणि काय काय दान दिलं, याचा त्यात हिशेब आहे. गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नावाची नाणी. एका यज्ञाची दक्षिणा २४,४०० नाणी. त्याच वेळी जमलेल्या लोकांना आणि सेवकांना दिलेली नाणी ६,००१.

तो ६,००१ कोरणाऱ्याने फक्त दोन चिन्हं वापरली. एक सहा हजाराचं, दुसरं एकाचं. आपण आज लिहितो त्या अंकांचे हे पूर्वज. त्यांत नऊपर्यंतच्या अंकांना वेगवेगळी चिन्हं, दहा ते नव्वद या दशकांना आणखी वेगळी, मग शंभर आणि हजार. शंभराच्या चिन्हाला रेघ जोडली की दोनशे. हजाराच्या चिन्हाला सहाचं चिन्ह जोडलं की सहा हजार. स्थानावरून किंमत ठरणं हा प्रकार इथे नाही, आणि शून्यही नाही.

म्हणजे खिडकीजवळच्या त्या मुलांनी जे केलं, तेच नाणेघाटातल्या लेखकाने केलं होतं. त्याच्या पद्धतीत ते अगदी बरोबर होतं. बाई हे वर्गात मोठ्याने सांगतात. गणितात स्वतःला कच्चं समजणाऱ्या मुलाला हे ऐकायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

[दृश्य: जमिनीवर कार्डशीटचे तुकडे, प्रत्येकावर एकेक चिन्ह. मुलं गोल करून बसलेली.]

आता खरं काम सुरू होतं. दोन्ही दानांची बेरीज करायची, पण नाणेघाटाच्या चिन्हांत. एका बाजूला वीस हजार, चार हजार आणि चारशे. दुसऱ्या बाजूला सहा हजार आणि एक. चार हजार नि सहा हजार मिळून दहा हजार. त्यात वीस हजार मिळवले की तीस हजार. पण तीस हजाराचं कार्डच नाही.

"बाई, नवीन चिन्ह बनवावं लागणार!"

ते बनतं. उत्तर तीन कार्डांत मावतं: तीस हजार, चारशे, एक. मग बाई तीच बेरीज फळ्यावर उभी मांडतात आणि ३०४०१ येतं. इथे कुठलंही नवीन चिन्ह लागलं नाही. त्या दोन शून्यांवर वर्ग थोडा वेळ थांबतो. ती नसती तर चारशे आणि तीस हजार आपापल्या घरांत राहिलेच नसते. शून्य कशासाठी हवं, हे मुलांना इथे हाताने कळतं.

[दृश्य: हॉर्निमन सर्कल, एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या.]

नाणेघाटाच्या या आकड्यांवर भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ साली निबंध लिहिला. मूळचे जुनागढचे भगवानलाल मुंबईत आले आणि त्यांनी डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी गावोगाव फिरून शिलालेख वाचले. भायखळ्याच्या संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे, तेच हे भाऊ दाजी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चं जॉन टेलरने केलेलं इंग्रजी भाषांतरही याच शहरात छापलं गेलं, १८१६ साली.

भाऊ दाजींच्या एका शोधापाशी मात्र थोडं थांबायला हवं. चाळीसगावजवळ पाटण इथे त्यांना एक शिलालेख मिळाला, शके ११२८ चा. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला होता. या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. गावच्या बाजारात माल विकला जाईल त्यावरचं राजाकडे जाणारं उत्पन्न मठाला दिल्याची त्यात नोंद आहे. गणित शिकवण्याचा खर्च बाजाराच्या करातून! आठशेहून अधिक वर्षांपूर्वीची आपल्याच भाषेतली ही ओळ एकाही शाळेच्या भिंतीवर मला दिसलेली नाही.

भिंतीवर दिसतो तो रामानुजन यांचा फोटो. २२ डिसेंबरला त्याला हार घातला जातो, एखादा विद्यार्थी पाठ केलेलं भाषण म्हणतो आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उदाहरणसंग्रह. रामानुजन यांच्याबद्दल आदर हवाच. पण या हाराने कुणाचं अडलेलं गणित सुटत नाही. शिक्षकांची अडचणही खरी आहे. तास छोटा, पोर्शन मोठा, त्यात परीक्षा आणि शाळाबाह्य कामं. म्हणून सगळ्या धड्यांना इतिहास जोडायचा अट्टहास नको. मुलं जिथे हमखास अडखळतात, तिथे बहुधा गणितही एकेकाळी अडखळलेलं असतं. तेवढ्या जागा शोधल्या तरी पुष्कळ.

[दृश्य: त्याच शाळेचा वरचा मजला. दहावी, वर्गसमीकरणं.]

अशीच एक जागा म्हणजे ऋण संख्या. ऋण गुणिले ऋण धन, हा नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहून ठेवला. नियम होता, तरी ऋण उत्तर आलं की मन बिचकायचं. ११५० सालच्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तलं एक उदाहरण सर फळ्यावर घेतात.

माकडांचा एक कळप. त्याच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा केले आणि जे उरलं त्याचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली. एक माकड फांदीवर दिसतंय. तर एकूण माकडं किती?

समीकरण सुटतं आणि दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा हिस्सा दहा, वजा तीन सात, सातचा वर्ग एकोणपन्नास, अधिक एक, पन्नास. जमलं. पाचचा पाचवा हिस्सा एक, वजा तीन, उणे दोन. वर्ग चार, अधिक एक, पाच. हेही जमलं!

भास्कराचार्यांनी पाच नाकारलं. कारण दिलं ते असं की उणे दोन माकडं ही गोष्ट लोकांना पटत नाही. वर्गात लगेच दोन तट पडतात. "गुहेत तर चारच माकडं गेली ना सर, उणे कुठे गेली?" असं एकजण विचारतो, आणि त्याचं म्हणणं सहज खोडता येत नाही. सर खोडतही नाहीत. ते गृहपाठ देतात: भास्कराचार्यांच्या उदाहरणात कमीत कमी बदल करा, असा की पाच हे उत्तर राहील आणि पन्नास नाकारावं लागेल.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी फळ्यापाशी येते. तिने फक्त वजाबाकी उलटी केली आहे: तिनातून कळपाचा पाचवा हिस्सा वजा करा. पाच माकडं असतील तर तीन वजा एक, दोन. पन्नास असतील तर तीन वजा दहा, उणे सात. समीकरण तेच, उत्तरंही तीच दोन. या वेळी नाकारलं जातं ते पन्नास.