पुनःप्रक्षेपण कुणाच्या वाट्याला येतं?

मित्रहो,

'चिमणराव परत का दाखवत नाहीत?' हा प्रश्न दूरदर्शनच्या जुन्या दिवसांवर बोलायला गेलं की हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही तयार असतं: आता लोकांना ते आवडणार नाही, काळ बदलला, म्हणून दाखवत नसतील. हे उत्तर मला मान्य नाही. मालिका पुन्हा दिसते की नाही, याचा तिच्या लोकप्रियतेशी फार थोडा संबंध असतो. तिची टेप कुणाच्या कपाटात राहिली आणि तिचे हक्क कुणाच्या नावावर आहेत, यावर बहुतेक सगळं ठरतं. आज मला हेच जरा तपशिलात सांगायचं आहे.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, वरळीला. पुढची बारा-तेरा वर्षं तिथे जे तयार झालं, ते बहुतेक सगळं केंद्राच्या स्वतःच्या निर्मात्यांनी, केंद्राच्या स्टुडिओत आणि केंद्राच्या तुटपुंज्या पैशांत केलं. विनायक चासकर आणि विनय आपटे यांचा 'गजरा', सुहासिनी मुळगांवकरांचं 'प्रतिभा आणि प्रतिमा', अरुण काकतकरांचं 'शब्दांच्या पलीकडले', शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं', मुलांसाठी 'किलबिल'. आकाशानंदांच्या 'ज्ञानदीप'ची गोष्ट तर विलक्षण आहे. एका टीव्ही कार्यक्रमापायी गावोगावच्या प्रेक्षकांनी 'ज्ञानदीप मंडळं' काढली आणि साक्षरतेपासून आरोग्यापर्यंतची कामं अंगावर घेतली. कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षक उठून कामाला लागतात, हे त्यानंतर आपल्याकडे कितीदा घडलं? मला तरी दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

आणि 'चिमणराव'. चिं. वि. जोश्यांच्या कथा, विजया जोगळेकर-धुमाळे यांची निर्मिती, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चित्र कृष्णधवल, नेपथ्य चार भिंतींचं. तरी त्या दोघांची जोडी अशी जमली की पुढे १९७९ साली त्याच पात्रांवर चित्रपट निघाला. आज तुम्ही म्हणालात की ही मालिका पहिल्या भागापासून शेवटपर्यंत ओळीने पाहायची आहे, तर कुठल्याही वाहिनीवर ती तशी लागत नाही. हाती येतात ते सुटे तुकडे. एका पिढीने ज्याच्यासाठी शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून वाट पाहिली, त्याचं हे झालं.

आता कारणांकडे वळू. पहिलं कारण अगदी साधं आहे. त्या काळातलं पुष्कळसं प्रक्षेपण थेट होत असे. जे थेट गेलं आणि कुणी ध्वनिचित्रमुद्रित केलं नाही, ते हवेत विरलं. बातम्या आठवा. पुढे चित्रपटांत मोठी झालेली स्मिता पाटील सुरुवातीला याच केंद्रावर बातम्या वाचायची. ती बातमीपत्रं कुणी जपून ठेवायची वस्तू मानलीच नव्हती.

दुसरं कारण टेप. तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळी स्टुडिओत काम केलं असेल, त्यांना यू-मॅटिक कॅसेट आठवत असेल. जाडजूड पुस्तकाएवढी, काळी किंवा करडी, पाऊण इंच रुंदीच्या फितीची. मोठ्या कॅसेटवर साधारण तासाभराचं मुद्रण मावायचं, म्हणजे अर्ध्या तासाचे दोन भाग. कण्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर कार्यक्रमाचं नाव, भाग क्रमांक, तारीख, निर्मात्याचं नाव. ही कॅसेट उलटी केलीत की तळाशी एक छोटं लाल बटण दिसतं. ते जागेवर असेल तर त्या कॅसेटवर पुन्हा मुद्रण करता येतं. ते काढून टाकलं की यंत्र नवं मुद्रण घेत नाही, जुनं सुरक्षित राहतं. एवढ्याशा प्लास्टिकच्या तुकड्यावर एखाद्या कार्यक्रमाचं भवितव्य अवलंबून असायचं. टेप महाग, बाहेरून आणावी लागणारी, आणि दर आठवड्याला नवा कार्यक्रम उभा राहायचा. मग प्रक्षेपण झालेली कॅसेट परत फिरवायची, तीवर पुढचं मुद्रण करायचं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. हातात चार कॅसेट आणि समोर सहा कार्यक्रम असले की कुणीही हेच करेल. पण हे करताना 'हे वीस वर्षांनी कुणाला पाहावंसं वाटेल' असा प्रश्न विचारायची जबाबदारी कुणावर सोपवलेलीच नव्हती, आणि माझी तक्रार तेवढ्यापुरती आहे.

हे आपल्याच गरिबीचं लक्षण होतं, असंही समजू नका. ब्रिटनच्या बीबीसीनेही १९६० आणि ७० च्या दशकांत दोन इंची टेपा सर्रास पुसल्या. 'डॉक्टर हू' सारख्या अफाट लोकप्रिय मालिकेचे कितीतरी भाग त्यात गेले. तिथे आणखी एक अडचण होती. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम किती वेळा पुन्हा दाखवायचा यावर मर्यादा होती. दाखवता येत नाही तर ठेवायचं कशाला, हा तिथला हिशेब.

आपल्याकडे १९८४ नंतर चित्र पालटलं. ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली. त्यामागे वसंत साठे होते, आपल्या विदर्भातले, १९८२ पर्यंत केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री असलेले. मेक्सिकोत कौटुंबिक मालिकांमधून कुटुंबनियोजनाचा आणि साक्षरतेचा प्रचार होतो, हे त्यांनी पाहिलं होतं. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ही मालिका १५६ भाग चालली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे आणि लोक त्यांना पत्रं लिहायचे, लाखांनी. प्रायोजक होता नूडल्स विकणारा एक ब्रँड. इथून 'प्रायोजित कार्यक्रम' ही पद्धत रुळली. खाजगी निर्मात्याने मालिका करायची, दूरदर्शनला प्रक्षेपणशुल्क भरायचं, बदल्यात जाहिरातींची मिनिटं मिळवायची आणि ती विकायची. या व्यवहारात मालिकेचे हक्क पुष्कळदा निर्मात्याकडेच राहिले.

आणि इथेच वाटा फुटल्या. रामानंद सागरांचं 'रामायण' घ्या. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत ते चाललं. हक्क सागर कुटुंबाकडे. त्यांनी मूळ टेपा सांभाळल्या, व्हिडिओ कॅसेट काढल्या, पुढे डीव्हीडी काढल्या, मालिका अनेक भाषांत नेली. म्हणून २०२० च्या मार्चमध्ये सगळा देश घरात बसला आणि लोकांनी 'रामायण' दाखवा म्हणून मागणी केली, तेव्हा २८ मार्चपासून ते लगेच दाखवता आलं. १६ एप्रिलच्या भागाला ७.७ कोटी प्रेक्षक मिळाल्याचं दूरदर्शनने जाहीर केलं. त्याच महिन्यात 'डीडी रेट्रो' नावाची स्वतंत्र वाहिनीही निघाली. 'महाभारत', 'ब्योमकेश बक्शी', 'सर्कस', 'बुनियाद', 'देख भाई देख' असं बरंच काही त्या दिवसांत लोकांना पुन्हा पाहायला मिळालं. ती यादी मी त्या वेळी कुतूहलाने पाहत होतो. काय आहे यापेक्षा काय नाही, हे शोधत होतो.

'रजनी' कुठे होती? १९८५ सालची बासू चटर्जींची मालिका. प्रिया तेंडुलकर, पदर खोचून, घरच्या साध्या बाईच्या आवाजात सरकारी खिडकीपलीकडच्या माणसाला जाब विचारायच्या. टॅक्सीवाल्यांच्या मनमानीवर एक भाग झाला, तर मुंबईतले टॅक्सीचालक निषेधाला उतरले. ग्राहकाला हक्क असतात, हे ग्राहक संरक्षण कायदा यायच्या वर्षभर आधी, १९८५ मध्ये, एका मालिकेने लाखो घरांत पोचवलं. अशी मालिका आज क्वचितच लागते. लोक म्हणतात तिचे विषय जुने झाले. गॅसच्या नंबरची यादी आता कुठे आहे? मी म्हणतो, जुने झालेत म्हणूनच दाखवा. मध्यमवर्गाचं १९८५ सालचं आयुष्य कसं होतं, कशासाठी रांग लावावी लागायची, कुणाला किती वेळा 'साहेब' म्हणावं लागायचं, हे त्यात जसं दिसतं तसं कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाही. प्रियाताई २००२ मध्ये गेल्या. आजच्या विशीतल्या मुलींना त्यांचं नावही ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मोहन गोखल्यांचा 'मिस्टर योगी' तसाच. केतन मेहतांची ही तेरा भागांची मालिका, ओम पुरी सूत्रधार. राशीगणिक एकेक मुलगी पाहणारा, अमेरिकेहून आलेला नवरदेव. गोखल्यांचा चेहरा त्यात क्षणाक्षणाला जसा बदलतो, तो अभिनय नाट्यशाळेत शिकवण्याजोगा आहे. पण तेरा भागांच्या मालिकेला दुसरीच अडचण येते. रोज लावायची म्हटली तर दोन आठवड्यांत संपते. वाहिनीला वेळापत्रक भरायला शेकड्यांनी भाग लागतात. छोटी, नेटकी मालिका याच कारणाने मागे पडते.

उलट टोकाचीही अडचण आहे. 'दामिनी' आठवत असेल तुम्हाला. प्रतीक्षा लोणकरांची पत्रकार दामिनी, मुंबई दूरदर्शनवरची दैनंदिन मराठी मालिका, जिचे भाग हजाराच्या पुढे गेले. एवढी लांब मालिका पुन्हा लावायची तर वर्षानुवर्षं एक जागा अडवून ठेवावी लागते. शिवाय रोजच्या मालिकेत आजचा भाग कालच्यावर टेकलेला असतो. मधूनच उघडून पाहावं, असं त्यात फार नसतं.

मग 'गोट्या'सारख्या मालिकेचं काय? ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, राजदत्त दिग्दर्शक, जॉय घाणेकर गोट्याच्या भूमिकेत. ही ना फार लांब, ना कालबाह्य. अशोक पत्कींनी चाल दिलेलं तिचं शीर्षकगीत आजही शाळांच्या स्नेहसंमेलनांत गायलं जातं. गाणाऱ्या मुलांना ते एका मालिकेचं गाणं आहे हे माहीत नसतं. गाणं टिकलं, कारण ते कॅसेटवर निघालं, रेडिओवर वाजलं, लोकांच्या ओठांवर बसलं. मालिकेला असा दुसरा रस्ता मिळाला नाही.

मला सर्वांत जास्त खटकतं ते पुढचं. आपल्या देशात पुस्तक छापलं की १९५४ च्या कायद्यानुसार त्याच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात, त्यांतलं एक इथे मुंबईतच आहे. चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. दूरचित्रवाणीसाठी यातलं काहीही झालं नाही. प्रक्षेपित झालेल्या कार्यक्रमाची एक प्रत कुठेतरी जमा झालीच पाहिजे, असा नियम आपण केला नाही. म्हणून 'चिमणराव'चा चित्रपट चित्रपट म्हणून जपला जाण्याची सोय होती, आणि ज्या मालिकेमुळे तो निघाला तिची नव्हती. हा नियम आजही करता येईल. तो करावा, अशी मागणी इथे बसलेल्या लेखक, कलावंत, ग्रंथपाल मंडळींनी एकत्रितपणे करावी, असं मी आग्रहाने म्हणतो.

दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने अलीकडे काहीच केलं नाही असं मात्र नाही. जुने कार्यक्रम यूट्यूबवर येताहेत, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात 'वेव्ह्ज' हे त्यांचं ॲप सुरू झालं. श्याम बेनेगलांचा 'भारत एक खोज' आज घरबसल्या पाहता येतो. त्यातले सदाशिव अमरापूरकरांचे जोतीराव फुले ज्यांनी पाहिले नसतील, त्यांनी या आठवड्यात वेळ काढून जरूर पाहावेत.

पण वेळ थोडा आहे. चुंबकीय फितीवरचा लेप ज्या चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो, ते द्रव्य हवेतला दमटपणा ओढून घेतं. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या हवेत तर विचारूच नका. फीत चिकट होते, यंत्रात किंचाळते आणि लेपच खरवडून निघतो. मंद उष्णतेवर, पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास ठेवून ती थोड्या दिवसांपुरती वाचवता येते, तेवढ्यात प्रत काढून घ्यायची. त्यात ती फीत वाचणारी यंत्रं बनणं कधीच थांबलं. युनेस्कोने २०१९ मध्ये जगभरच्या संस्थांना इशारा दिला होता, की २०२५ च्या सुमारास हे काम जवळपास अशक्य होत जाईल.

इथे तुमचा संबंध येतो. घरी व्हीसीआर होता, तेव्हा अनेकांनी मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम टेप करून ठेवले. परदेशी राहणाऱ्या मुलांना, भावंडांना पाठवायला म्हणून कॅसेटी भरल्या गेल्या. 'डॉक्टर हू'चे हरवलेले भाग आज निदान ऐकता येतात, कारण तेव्हाच्या काही प्रेक्षकांनी टीव्हीसमोर बसून त्यांचा आवाज टेप केला होता. नऊ भाग तर २०१३ मध्ये नायजेरियातून परत मिळाले. ठाण्यातल्या, नागपुरातल्या किंवा न्यू जर्सीतल्या एखाद्या माळ्यावर 'गजरा'चे दोन भाग निघणार नाहीत, असं मी म्हणणार नाही.

तर घरी अशी कॅसेट सापडली, तर ती लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका. आधी खिडकीतून फितीची कड पाहा. पांढरी बुरशी दिसली तर ती फिरवूसुद्धा नका. एक बुरशीची कॅसेट यंत्र खराब करते आणि पुढच्या चार कॅसेटींना लागण देते. कॅसेट उभी ठेवा, कोरड्या जागी, स्पीकरपासून लांब. मागची पट्टी अजून शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही मुद्रित होणार नाही. कार्यक्रमाचं नाव, अंदाजे साल आणि कुणी टेप केलं हे कागदावर लिहून सोबत ठेवा. अधल्यामधल्या जाहिराती कापायला सांगू नका. त्या जाहिरातींवरून आणि निवेदिकेच्या दोन वाक्यांवरून प्रक्षेपणाची तारीख शोधता येते. आणि प्रत काढून झाली तरी मूळ कॅसेट टाकू नका.