पंप पाणी ओढत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

डोंगरावरच्या शेतात उथळ विहीर आहे. सहा-सात मीटरवर पाणी चमकतंय, काठावर पंप बसवलाय. खाली सखल भागात हाच पंप एवढ्याच खोलीवरून पाणी उचलत होता, इथे नुसता घरघरतोय. मग फुटव्हॉल्व्ह बदलून होतो, सांधे आवळून होतात, मेकॅनिकला बोल लावून होतो आणि शेवटी जास्त हॉर्सपॉवरची मोटर येते. हा हॉर्सपॉवरचा सोस मला कधी कळला नाही. त्यात पाण्यापेक्षा मिशीचाच प्रश्न जास्त असतो.

नवी मोटरही घरघरते. कारण पंप पाणी ओढत नाही. पुन्हा सांगतो, पंप पाणी ओढतच नाही. तो पाइपातली हवा काढून जागा करून देतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरची हवा दाब देते, म्हणून पाणी वर चढतं. आणि उंचावर ती हवाच विरळ.

हे कसं कळलं, तो किस्सा ऐका. माझ्या घरच्यांना तो पाठ झालाय, ते आता रेडिओ बंद करतील.

गॅलिलिओला एका पंप दुरुस्त करणाऱ्यानं सांगितलं होतं, की बिघाड पंपात नाही. अठरा हातांखालचं पाणी कुठलाच पंप उचलत नाही. त्यांचे अठरा हात म्हणजे आपले साधारण दहा मीटर. गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली यानं पाण्याऐवजी पारा घेतला, एका टोकाला बंद असलेल्या नळीत भरला आणि नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, त्यामुळे तो नळीत जेमतेम ७६ सेंटिमीटर उभा राहिला. पाऱ्याला हवेचं वजन तोलून धरतंय, असं त्याचं म्हणणं.

पॅरिसमध्ये ब्लेझ पास्कालच्या मनात आलं, तसं असेल तर डोंगरावर पारा उतरला पाहिजे. पण डोंगर चढणार कोण? पास्कालची प्रकृती तोळामासा. त्यानं १६४७ च्या नोव्हेंबरात आपल्या मेहुण्याला, फ्लोरँ पेरिएला, पत्र लिहिलं. मेहुणा क्लेरमाँ गावचा, आणि गावाशेजारीच प्यु द दोम हा डोंगर. पण बर्फ, धुकं आणि नोकरीची कामं यांतून सवड मिळायला दहा महिने गेले.

१९ सप्टेंबर १६४८. एका मठाच्या बागेत पेरिएनं दोन नळ्या पाऱ्यानं भरल्या. दोन्हींत पारा अगदी सारखा, सुमारे ७११ मिलिमीटर. एक नळी तिथेच ठेवली आणि मठातल्या शास्तँ नावाच्या पाद्र्याला सांगितलं, दिवसभर हिच्यावर नजर ठेवा. दुसरी घेऊन मंडळी चढली, सुमारे हजार मीटर. माथ्यावर पारा भरून पाहिला तर ६२७! पेरिएचा विश्वास बसेना. त्यानं पाच वेळा मोजलं: आडोशाला, उघड्यावर, वाऱ्यात, धुक्यात. पाचही वेळा तेच. खाली येऊन शास्तँला विचारलं, तर त्याची नळी दिवसभरात हललीच नव्हती. गड्याला एवढ्यानं समाधान नाही. दुसऱ्या दिवशी चर्चच्या मनोऱ्यावर चढून त्यानं तिथलाही फरक मोजला. जेमतेम साडेचार मिलिमीटर, पण मोजला.

आज हवेचा दाब हेक्टोपास्कालमध्ये सांगतात. हेक्टोपेरिए कुणी म्हणत नाही. पायपीट करणाऱ्याचं नाव राहत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे, असो.

तर साडेआठ सेंटिमीटर पारा उतरला, म्हणजे पाण्याच्या हिशेबात एक मीटरहून थोडं जास्त. लक्षात ठेवा: हजार मीटर चढलात की ओढीतला साधारण एक मीटर गेला. समुद्रकाठी कागदावर दहा मीटर, पण पाइपातलं घर्षण आणि गळती धरून चांगला पंप सात मीटर उचलतो. दोन हजार मीटर उंचीवर तोच पाचाच्या आसपास येतो. पाणी सहावर असेल, तर मोटर कितीही मोठी आणा.

उपाय उघड आहे. पंप पाण्याजवळ न्या. विहिरीत खाली टप्पा करून तिथे बसवा, नाहीतर सरळ पाण्यात बुडणारा पंप घ्या. वर ढकलताना ही मर्यादा नाही, फक्त ओढताना आहे. मात्र डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका. धूर खाली साचतो, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस जातो. पुन्हा सांगतो, इंजिन विहिरीत उतरवायचं नाही.

आणखी एक. डोंगरावरचं उथळ पाणी मुरमाच्या आणि झिजलेल्या खडकाच्या थरात असतं, आणि ते थांबत नाही, उताराने ओढ्याकडे पाझरत राहतं. उपसा न करताही पातळी उतरते; वरच्या अंगाच्या विहिरी आधी आटतात, घळीतल्या शेवटी. म्हणून पावसाळा संपताना चाललेला पंप उन्हाळी पिकाला दगा देतो. पंप निवडताना विहिरीची खोली सांगू नका, भर उन्हाळ्यातली पाण्याची पातळी सांगा, तीही उपसा चालू असतानाची.

ती ठाऊक नसेल, तर दोरीला मीटर-मीटरवर गाठी मारा, टोकाला दगड बांधा, दर आठवड्याला सोडा आणि आकडा तारखेसह वहीत लिहा. काम कंटाळवाणं आहे. शास्तँही दिवसभर न हलणाऱ्या पाऱ्याकडे बघत बसला होता.