सब-फोर सोडायचं का? पेडर रोडवर ठरवू नका!

नमस्कार मंडळी! नोव्हेंबर लागला आणि कमेंट्समध्ये एकच प्रश्न: "ताई, मुंबई मॅरेथॉनला सब-फोर धरलंय, पण तयारी मागे पडलीय. टार्गेट बदलू का?" सब-फोर म्हणजे पूर्ण मॅरेथॉन चार तासांच्या आत. शर्यतीचा दिवस, जानेवारीचा तिसरा रविवार, आता कॅलेंडरवर दिसायला लागलाय, म्हणून आज यावरच बोलते.

हिशेब पटकन उरकू. 42.195 किलोमीटर चार तासांत, म्हणजे किलोमीटरला 5:41. सव्वाचार तासांना 6:03, साडेचारला 6:24. झालं.

तयारी कळते ती हाफवरून, म्हणजे 21.1 किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉनवरून. एक हाफ रेससारखी जीव लावून पळा. आलेल्या वेळेची दुप्पट करा, वर दहा मिनिटं घाला. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढायचं रीगेलचं सूत्र आहे, त्यातून साधारण हेच उत्तर येतं. म्हणजे चार तास हवे असतील तर हाफ 1:55 ला यायला हवी. आणि ज्यांचे लाँग रन बुडालेत, त्यांच्यासाठी हा आकडासुद्धा उदारच समजा.

घणसोलीच्या एका दादांनी ऑक्टोबरात नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर 28 किलोमीटरचा लाँग रन लावला, सकाळी साडेसहाला निघाले, बाविसाव्या किलोमीटरला बसले. घरी पोचल्या पोचल्या मला मेसेज, "सोडतोय." दादा, नका सोडू! आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो, त्यामुळे अंग थंड होत नाही. हृदयाला पायांनाही रक्त पुरवायचं आणि कातडीलाही. त्या दिवशी उन्हाने दमवलं तुम्हाला. डिसेंबरात पहाटे पाचला तोच रस्ता, तेवढ्याच हार्ट रेटला पळा, मग बोलू.

आता मला खरंच तळमळीने सांगायचंय ते. निम्म्या कमेंट्समध्ये हे वाक्य असतं: "सुरुवात तर 5:41 नेच करतो, नाही जमलं तर तिसाव्या किलोमीटरला बघू." तिसाव्या किलोमीटरला बघण्यासारखं काही उरत नाही हो! टार्गेट स्टार्ट लाइनच्या आधी ठरतं.

शरीराचं बघा. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा मोजका असतो. वेग जितका जास्त, तितका तो भराभर जळतो. संपल्यावर चरबी जळते, पण तिच्यावर तो वेग टिकत नाही.

माझंच सांगते. 2024 चा जानेवारी. डिसेंबरात माझी हाफ 2:04 आली होती, म्हणजे 4:18 ची तयारी. तरी मी चार तासांच्या पेसरच्या "बस"मध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पळवत नेणाऱ्या पेसरमागच्या घोळक्यात, उभी राहिले. तिसाव्या किलोमीटरपर्यंत छान! परतीच्या पेडर रोडच्या चढावर दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. कठड्याला धरून उभी होते, तर एका काकूंनी सोललेल्या संत्र्याची फोड थेट माझ्या तोंडात घातली. हाताला मीठ लागलं होतं त्यांच्या, ती खारट-आंबट चव अजून आठवते. 4:52 ला आले.

घरी येऊन गणित मांडलं. 6:07 च्या माझ्या खऱ्या पेसपेक्षा पहिल्या तीस किलोमीटरमध्ये मी 13 मिनिटं कमावली, आणि शेवटच्या बारामध्ये 47 गमावली. हे आकडे वहीत लिहून ठेवलेत मी. तुम्हीही लिहा.

"टार्गेट कमी करणं म्हणजे हार," असं एका ताईंनी लिहिलंय. ताई, चार तास कुठे जात नाहीत. पुढच्या वर्षीही अंतर 42.195 च असणार आहे. आणि नडगी दुखतेय म्हणून तीन आठवडे बुडाले असतील, तर हाफची परीक्षाही घेऊ नका, सरळ टार्गेट खाली आणा. बुडालेले किलोमीटर उरलेल्या आठवड्यांत कोंबायचे तर अजिबातच नाहीत.

पाम बीचवर वाशी ते बेलापूर जाऊन-येऊन जवळपास हाफ होते. पहाटे गाड्या सुसाट असतात, रिफ्लेक्टर जॅकेट घाला. मी डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी तिथेच माझी हाफ पळणार आहे. 2:02 च्या आत आली तर सव्वाचार, नाहीतर साडेचार, आणि पेसरची बस त्याच दिवशी नक्की करणार.

कमेंटमध्ये नुसतं "बदलू का" लिहू नका. हाफची वेळ, किती वाजता पळालात आणि सगळ्यात लांबचा रन किती झाला, हे तिन्ही लिहा. एकेकाला उत्तर देते.