गाडी वाळली तरी वायर वाळत नाही

मंडळी, 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा गाड्यांचं काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. मला आज बोलायचंय ते पाणी ओसरल्यानंतरच्या महिन्यांबद्दल. धुऊनपुसून चालू झालेली गाडी दिवाळीच्या सुमारास अचानक बंद पडते. बिघाड शोधणारा स्कॅनर लावला तर एकमेकांशी संबंध नसलेले बिघाडाचे कोड दिसतात आणि कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, उघडला की एखादी पिन हिरवी होऊन तुटलेली निघते.

नुसत्या पाण्यानं तांबं इतक्या झपाट्यानं जात नाही. पाणी, त्यातले क्षार आणि बॅटरीचं व्होल्टेज एकत्र आले की कपलरच्या आत विद्युत अपघटन सुरू होतं. एका पिनेवर 12 व्होल्ट, शेजारची अर्थला, मधे गढूळ पाण्याचा थेंब. मग पॉझिटिव्ह पिनेचा धातू विरघळत राहतो. चावी काढली म्हणून हे थांबत नाही, कारण ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कंट्रोल युनिटची मेमरी, घड्याळ, सेंट्रल लॉकिंग यांना बॅटरीतून कायम पुरवठा असतो. म्हणून बुडालेल्या गाडीची चावी 'चालू होते का बघूया' म्हणून फिरवू नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. मग कपलर उघडून स्वच्छ गोड्या पाण्यानं धुवा. हो, पुन्हा पाण्यानंच! चिखल आणि क्षार तसेच ठेवून वाळवलं, तर पुढच्या दमट हवेत ते पुन्हा ओल धरतात. त्यानंतर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कोमट हवेनं वाळवा. इलेक्ट्रिक गाडीच्या केशरी, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या केबल्सना मात्र प्रशिक्षित माणसाशिवाय कुणीही हात लावायचा नाही.

आता वायरबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. वायर म्हणजे बारीक तारांचा जुडगा. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं या तारांमधून पाणी सरकतं. बंपरजवळ शिरलेलं पाणी वायरच्या आतूनच पार कंट्रोल युनिटपर्यंत पोचू शकतं, बाहेरून आवरण कोरडं ठणठणीत! आणि ही वाट बऱ्याचदा आपणच करून देतो. सप्लाय बघायला टेस्ट लॅम्पची सुई वायरमध्ये टोचतो आणि ते भोक तसंच सोडतो. माझी कळकळीची विनंती आहे, टोचू नका. कपलरच्या मागच्या बाजूनं बारीक प्रोब घाला. जोड द्यावाच लागला तर नुसती टेप गुंडाळू नका. आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी वापरा.

पाण्याची दुसरी वाट कंट्रोल युनिटच्या गरम डब्यातून जाते. तापलेलं युनिट गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. युनिटवर लिहिलेला आयपी 67 हा पाणीरोधक दर्जा म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं टिकणं. प्रेशर वॉशरचा फवारा ही वेगळीच गोष्ट आहे. तो कपलरवर धरू नका. काही युनिटना हवा खेळावी म्हणून बारीक पडद्याचं छिद्र ठेवलेलं असतं. ते सिलिकॉननं बुजवलं, तर आतली वाफ आतच राहते. आणि आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर इलेक्ट्रॉनिक्सजवळ नकोच. ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि तांब्याला खातं. डायइलेक्ट्रिक ग्रीस चांगलं, पण ते विद्युतरोधक असतं. म्हणून कपलरच्या रबरी सीलला त्याचा पातळ हात पुरे.

पावसाळ्याआधी एवढं जरूर करा. बॉनेट उघडून वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा आणि तिथे तांब्याभर पाणी ओतून ते खाली जमिनीवर पडतंय ना, ते पाहा. ती वाट तुंबली तर पाणी केबिनमध्ये, कित्येकदा थेट फ्यूज बॉक्सवर उतरतं. नवीन हॉर्न किंवा फॉगलॅम्प बसवताना कपलरचं तोंड खाली ठेवा आणि त्याच्या अलीकडे वायरला थोडा झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकून जाईल.