कायोटीला हाकला, पण आधी अंगण आवरा

(महाराष्ट्र मंडळाच्या फेब्रुवारीतल्या सभेत, शिकागोच्या उपनगरात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार. कायोटी, म्हणजे इथला लांडग्या-कोल्ह्याच्या कुळातला रानटी प्राणी, ज्यांनी आजवर एकही पाहिलेला नाही त्यांनी जरा हात वर करा बघू. दोनच? तेही गेल्या आठवड्यात पुण्याहून आलेल्या आजी-आजोबांचे. आजी, काळजी करू नका, मार्चपर्यंत दिसेल. सध्या त्यांचे जोडी जमवण्याचे दिवस आहेत. रात्री तळ्याच्या बाजूने दहा-बारा जनावरं रडतायत असं वाटलं तर दचकू नका. बहुतेक वेळा ती दोनच असतात. आवाज इतक्या झपाट्याने वरखाली करतात की ऐकणाऱ्याला टोळी वाटते.

पत्रिकेवर माझा विषय 'कायोटी : घर, कुत्री-मांजरं आणि पाळीव जनावरं कशी सांभाळावीत' असा छापलाय. शहराबाहेर पाच-दहा एकर घेऊन कोंबड्या-शेळ्या पाळणारी आपली काही कुटुंबं मुद्दाम आलीत, त्यांच्याकडेही मी येणारच आहे. पण त्याआधी मला एक गोष्ट मनापासून सांगायचीय. घराजवळचा कायोटी हा जनावराचा प्रश्न कमी आणि शेजाऱ्यांचा जास्त आहे. ज्या गल्लीत सगळ्यांचं अंगण आवरलेलं असतं आणि सगळे मिळून त्याला हाकलतात, तिथे तो रात्रीचा येतो, उंदीर-ससे खातो आणि निघून जातो. जिथे एकजण खायला घालतो आणि बाकीचे घाबरून दार लावून घेतात, तिथे तो भरदुपारी डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर, येऊन बसतो.

ही काही माझी कल्पना नाही. आपण ज्या कुक काउंटीत राहतो तिथल्या कायोटींइतका बारकाईने अभ्यास फार थोड्या शहरांत झालाय. स्टॅन्ली गेर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने २००० साली इथे कायोटींच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारे रेडिओ पट्टे बांधायला सुरुवात केली. वर्षभराचं काम म्हणून सुरू केलेला तो अभ्यास पुढे वीस वर्षांहून जास्त चालला. त्यातून कळलं की टोळीचा इलाका सरासरी ५ चौरस किलोमीटरचा असतो. त्यात एक नर-मादी आणि त्यांची मोठी झालेली काही पिल्लं राहतात. शिवाय बरेच कायोटी बिनइलाक्याचे, एकेकटे असतात आणि कुठे जागा रिकामी होतेय याची वाट बघत मैलोन्‌मैल हिंडत असतात. हा भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक, विषयाला थोडं सोडून. इथल्या पिल्लांची जनुकं तपासली तेव्हा एकाही जोडीत बाहेरख्यालीपणाचा पुरावा सापडला नाही. जोडीदार मरेपर्यंत एकपत्नीव्रत. हे सांगितलं की दरवेळी पहिल्या रांगेतल्या वहिनी काकांकडे बघतात. आजही बघितलं.

ते खातात काय? या अभ्यासात चौदाशेच्या वर विष्ठेचे नमुने तपासले. त्यांतल्या सुमारे ४२ टक्क्यांत उंदीर-घुशी, २३ टक्क्यांत फळं, २२ टक्क्यांत हरीण आणि १८ टक्क्यांत ससे सापडले. माणसाच्या खाण्याचे अंश जेमतेम २ टक्क्यांत आणि मांजर १ टक्क्याच्या आसपास. मी वनक्षेत्राच्या साफसफाईला स्वयंसेवक म्हणून जाते, तिथे हे डोळ्यांनी दिसतं. हिवाळ्यात पायवाटेवरची विष्ठा दोरीसारखी पिळलेली, राखाडी असते. काडीने उलगडली तर नुसते केस आणि सुईएवढी हाडं. जूनअखेर त्याच वाटेवर ती जांभळी दिसते, कारण तुतीच्या बियांनी भरलेली असते. ज्यांची मुलं सॉकर खेळतात त्यांच्या माहितीसाठी सांगते, मैदान घाण करून ठेवणाऱ्या कॅनडा गूजची अंडीसुद्धा कायोटी खातो. शिकागो भागात त्या पक्ष्यांच्या संख्येला आवर बसण्यात त्याचा वाटा आहे.

मांजरवाल्यांनी मात्र या १ टक्क्यावर विसंबू नये. लॉस एंजेलिस भागात नॅशनल पार्क सर्व्हिसने, म्हणजे राष्ट्रीय उद्यानांच्या सरकारी खात्याने, असाच अभ्यास केला, तेव्हा शहरी कायोटींच्या सुमारे २० टक्के नमुन्यांत मांजर निघालं. कायोटी जिथे जे सहज मिळतं ते खातो. मांजर घरात ठेवा, बस्स.

आता आमच्या सबडिव्हिजनची, म्हणजे घरांच्या वसाहतीची, गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. सौम्य शब्दांत सांगायचं ठरवलं होतं, पण अजून जमत नाही.

आमच्याकडे पावसाचं पाणी साठवायचं तळं आहे आणि त्याच्या मागे झाडी. कायोटी तिथे आधीपासूनच होते, कुणाची तक्रार नव्हती. मग एका उन्हाळ्यात त्यांतला एक दिवसाढवळ्या दिसू लागला. माणूस बघून पळायचा नाही, फूटपाथवर उभं राहून बघत राहायचा. कोपऱ्यावरच्या घरातलं शिह-त्झू जातीचं कुत्रं संध्याकाळी एकटंच अंगणात सोडलेलं होतं, ते गेलं. त्या घरातली मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात होती. तिने मैत्रिणींना कुत्र्याची रिकामी कॉलर दाखवली, बक्कल लावलेलंच होतं. त्या कुटुंबाचं दुःख मी जवळून पाहिलंय. म्हणून कुणी मला 'तुम्हाला जनावरांचाच पुळका' असं म्हटलं की फार लागतं.

घरमालकांच्या संघटनेची सभा झाली. ठराव आला की सापळेवाला बोलवायचा, खर्च वर्गणीतून. मी उठून विचारलं, हा प्राणी माणसाला का बुजत नाही याचा शोध कुणी घेतलाय का? कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. तळ्याकाठच्या एका घरामागे रोज संध्याकाळी हरणांसाठी मका आणि पक्ष्यांसाठी दाण्यांचा ढीग ओतला जायचा, वर उरलेला भात आणि पोळ्या. मक्यावर उंदीर आणि ससे, त्यांच्यामागे कायोटी, आणि नंतर तर थेट भात-पोळीच. मी म्हटलं, आधी त्या घराला एक पत्र लिहा, गावाचा वन्यप्राण्यांना खायला न घालण्याचा नियम दाखवा, दोन महिने सगळ्यांनी मिळून त्याला हाकलू आणि मग सापळ्याचं बघू. अध्यक्ष म्हणाले, शेजाऱ्यांशी वाकडं कोण घेणार? म्हणजे एका घराला पत्र लिहायचा संकोच, आणि जनावर मारायला एकमताने हात वर!

सापळा लागला आणि एक मादी सापडली, मारली गेली. ती दिवसा फिरणारी होती का, हेही कुणाला सांगता येईना. सगळ्यांनी निःश्वास टाकला. दिवाळीच्या सुमारास तळ्यावर पुन्हा दोन कायोटी. मघाशी म्हटलं ना, रिकाम्या जागेची वाट बघणारे असतात! जागा मोकळी झाली, मक्याचा ढीग होता तिथेच होता, नवीन जोडी येऊन राहिली. पुढच्या वर्षी परत वर्गणी, परत सापळा. आणि त्या घराला पत्र? ते आजतागायत गेलेलं नाही.

'मारू नका, लांब नेऊन सोडा' म्हणणारेही त्या सभेत होते. त्यांची कणव खरी आहे. पण इथल्या अभ्यासात पकडून दुसरीकडे सोडलेले कायोटी त्या जागी टिकलेच नाहीत. लगेच निघाले, आणि बरेचसे वाटेत गाडीखाली किंवा गोळीने मेले. देशभराचं म्हणाल, तर १९३१च्या कायद्यापासून केंद्र सरकार शेतीच्या नावाखाली कायोटी मारतंय. आजही वर्षाला ५० हजारांहून जास्त मारले जातात. आणि या शंभर वर्षांत कायोटी पश्चिमेतून निघून हवाई सोडून सगळ्या राज्यांत पोचला, खाली पनामापर्यंत गेला. त्याला वाट कुणी करून दिली? आधी लांडगे संपवून माणसानेच.

आता आपल्या घरचं बोलते. ऐकायला थोडं अवघड वाटेल, पण मंडळात नाही बोलायचं तर कुठे? पितृपक्षात आपण डेकच्या कठड्यावर पान ठेवतो. ठेवावंच, मीही ठेवते. पण कावळा शिवला की पान आत घ्या. नाही शिवला तरी अर्ध्या तासाने घ्या. रात्रभर तिथे राहिलेला वडा-खीर-भात कावळ्याला जात नाही, रकून या निशाचर जनावराला आणि कायोटीला जातो. तीच गोष्ट कढीपत्त्याच्या कुंडीत टाकलेल्या भाजीच्या देठांची, झाकण नसलेल्या कंपोस्टची आणि झाडाखाली सडणाऱ्या सफरचंदांची. 'अन्न टाकवत नाही' ही आपली भावना चांगलीच आहे. तेच अन्न फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर झाकणाच्या डब्यात टाका.

आणि आपले आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, सकाळी नातवाला स्ट्रोलरमध्ये घालून फिरायला निघतात. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं. भारतात भटकं कुत्रं अंगावर आलं की आपण वाकून दगड उचलल्यासारखं करतो आणि ते पळतं. हाताला इतकी सवय असते की विचार करावा लागत नाही. इथे तसं वाकू नका. आजोबा, उठता का जरा? असे ताठ उभे राहा. दोन्ही हात वर, जॅकेट पसरून. आता मोठ्याने ओरडा, मराठीत चालेल! 'चल हट!' शाब्बास. त्याच्याकडे बघत एक पाऊल पुढे टाका. पाठ दाखवायची नाही, पळायचं नाही, मूल असेल तर उचलून घ्यायचं. छत्री फटकन उघडली तरी चालतं, शिट्टीही चालते. तो थोडं मागे सरकून थांबला, तर आपण थांबायचं नाही, तो दिसेनासा होईपर्यंत चालू ठेवायचं. अर्धवट हाकललं, तर माणूस नुसता ओरडतो एवढंच तो शिकतो. त्याला पळायला मोकळी वाट मात्र ठेवा. आणि जखमी किंवा आजारी दिसला, तर जवळ न जाता प्राणी नियंत्रण विभागाला फोन करा.

भीती किती बाळगावी? इथला कायोटी ११ ते १६ किलोचा असतो. अमेरिका आणि कॅनडा मिळून कायोटीने माणूस मारल्याच्या दोनच नोंदी आहेत : १९८१मध्ये कॅलिफोर्नियात ग्लेनडेलला तीन वर्षांची मुलगी, आणि २००९मध्ये कॅनडात केप ब्रेटनला एक तरुण गायिका. जानेवारी २०२०मध्ये आपल्याच लिंकन पार्कमध्ये एका लहान मुलाला चावला होता. म्हणजे क्वचित, पण शून्य नाही. लहान मुलांना एकटं सोडायचं नाही, हे त्यावरून घ्यायचं.

चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं राहिलीत. जेवण तयार आहे म्हणे. मग आता भराभर सांगते.

कुत्री. लहान कुत्रं पहाटे आणि संध्याकाळी कुंपणातसुद्धा एकटं सोडू नका. साखळी सहा फुटांची, घट्ट. लांब सुटत जाणारी, गुंडाळायची दोरी नको. एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात. तेव्हापासून जुलैपर्यंत कायोटी तुमच्या मोठ्या कुत्र्याच्या मागे अंतर ठेवून चालत येईल. तो शिकारीला आलेला नसतो, बिळापासून तुम्हाला लांब घालवत असतो. अशा वेळी हाकलण्याच्या फंदात पडू नका. कुत्रं जवळ घ्या, तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे या आणि महिना-दोन महिने वाट बदला. कुंपण सहा फुटी असावं. वर फिरता रूळ लावला तर त्याला पंजा रोवता येत नाही. खालून तो उकरतो, म्हणून जाळी बाहेरच्या अंगाला जमिनीत फूटभर पुरा.

कोंबड्या. दुकानात 'चिकन वायर' म्हणून षटकोनी जाळी मिळते, ती कोंबडी आत ठेवायला आहे, कायोटी बाहेर ठेवायला नाही. दात लावून तो ती फाडतो. अर्ध्या इंची चौकोनी, जाड, वेल्ड केलेली जाळी घ्या, तळालाही घाला आणि दिवस मावळला की खुराडं बंद करून कडी लावा. नुसती आडवी कडी रकून उघडतो, तिला वर क्लिप हवी.

शेळ्या-मेंढ्या. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. २०००च्या सुमारास त्यांनी केंद्राच्या सापळेवाल्यांशी करार बंद केला आणि तेच पैसे मेंढपाळांना कुंपणासाठी आणि राखणीच्या कुत्र्यांसाठी द्यायला सुरुवात केली. ग्रेट पिरेनीज, ॲनाटोलियन ही ४५-५० किलोची कुत्री पिल्लू असल्यापासून मेंढ्यांतच वाढवतात. काहीजण लामा हा उंटाच्या कुळातला प्राणी किंवा गाढव ठेवतात. आपल्याकडे धनगर वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढ्या आत घेतात आणि भोवती कुत्री ठेवतात, तीच ही रीत. करडं-कोकरं जन्मतात ते पहिले काही आठवडे रात्री त्यांना बंदिस्त गोठ्यात ठेवा. व्याल्यावर पडलेली जार आणि मेलेलं जनावर उघड्यावर टाकू नका, लगेच पुरा, कारण मेंढीच्या मांसाची चव त्याला तिथूनच लागते. चार-पाच शेळ्यांसाठी कुत्रं परवडत नसेल तर विजेची तार लावा, सगळ्यात खालची जमिनीपासून सहा इंचांवर. त्या भागात गवत वाढू देऊ नका, नाहीतर करंट उतरतो.

नोंदणीच्या टेबलावर शिट्ट्या ठेवल्यात, घरटी एक न्या. शेजारी एक कागद आहे, त्यावर आपापल्या सबडिव्हिजनचं नाव लिहा. एकाच भागातली तीन घरं जमली, तर घरमालकांच्या सभेला मी स्वतः तुमच्याबरोबर येईन, आणि पत्राचा मसुदा तयार करून आणीन. आजोबा, तुम्ही आता बसा.