डोळे पिवळे न करणारी कावीळ

नमस्कार श्रोतेहो.

कावीळ म्हणजे काय, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. पाऊस लागला, विहिरीत गढूळ पाणी उतरलं, की वाडीत कुणाचे तरी डोळे पिवळे होतात. कुणी भुईआवळीचा रस देतं, कुणी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतं, आणि बहुतेक माणसं महिन्या-दीड महिन्यात कामाला लागतात. ही पाण्यातून येणारी, हेपॅटायटिस ए किंवा ई. गरोदर बाईला ती झाली तर मात्र घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

मला बोलायचं आहे ते हेपॅटायटिस सीबद्दल. हीसुद्धा यकृताचीच सूज. पण ती रक्तातून येते, आणि बहुतेकांचे डोळे वर्षानुवर्षं पिवळे होतच नाहीत. आपण डोळे बघून कावीळ ओळखणारी माणसं, म्हणून ही आपल्या नजरेतून सुटते.

माझे मामा दापोलीकडचे. 1984 साली कशेडी घाटात त्यांच्या ट्रकला अपघात झाला. मुंबईला नेऊन चार बाटल्या रक्त चढवलं, तेव्हा ते वाचले. पुढं वीस वर्षं त्यांनी भात लावला, कलमं वाढवली. मग पोट फुगू लागलं, पाय सुजले, एका रात्री रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, सिऱ्होसिस. लिव्हर कडक होऊन आकसलंय. गावानं आपलं निदान आधीच केलं होतं: ‘पीत असणार.’ मामांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. मामीला आजारापेक्षा ते बोलणं जास्त लागलं. रक्त तपासल्यावर हेपॅटायटिस सी निघाला. 2009 च्या श्रावणात मामा गेले.

लागण बहुधा त्या रक्तातून झाली. त्यासाठी मी कुणाला दोष देत नाही. हा विषाणू ओळखला गेला तोच 1989 साली. त्या शोधाला 2020 चं नोबेल मिळालं. आपल्या देशात दात्याच्या रक्ताची ही तपासणी सक्तीची झाली ती 2001 च्या सुमारास.

जीव तुटतो तो पुढच्या गोष्टीनं. मामा गेल्यावर चारच वर्षांनी, 2013 मध्ये, सोफोसबुविर हे औषध आलं. आता रोज गोळ्या घ्यायच्या, बहुतेकांना बारा आठवडे, आणि शंभरातले पंच्याण्णवहून अधिक रुग्ण पुरते बरे होतात. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. तरी जगात सुमारे 5 कोटी लोक ही लागण घेऊन वावरतात, आणि 2022 या एका वर्षात तिनं सुमारे 2 लाख 42 हजार माणसं नेली. कारण आपल्याला लागण आहे, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

म्हणून विचारतो. 2001 च्या आधी तुम्हाला रक्त चढवलं होतं का? डायलिसिस चालू आहे? जत्रेत हातावर नाव गोंदवून घेतलंत, तेव्हा सुई नवी होती का? नशेची सुई कधी टोचून घेतली असेल, तर लाजू नका, तपासून घ्या. जून-जुलैत बोटी किनाऱ्याला असतात, खलाशी घरी असतात. त्यांनी याच दिवसांत जाऊन यावं. आणि साध्या तापालाही ‘डॉक्टर, एक सुई द्याच’ असा हट्ट आपण करतो, तो सोडूया. सुई घ्यावीच लागली, तर पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. या आजाराची लस अजून नाही.

पहिल्या चाचणीत लागण निघाली तरी घाबरू नका. दहांतल्या तिघांच्या शरीरानं विषाणू आपोआप घालवलेला असतो. तो अजून आहे का, हे दुसरी चाचणी सांगते.

मामांचं ताट वेगळं काढा, असं सांगायला माणसं घरी आली होती. मामीनं ऐकलं नाही, आणि तिचं बरोबर होतं. एकत्र जेवल्यानं, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं, जवळ घेतल्यानं हा आजार लागत नाही. वस्तरा, ब्लेड, दात घासायचा ब्रश तेवढा ज्याचा त्यानं वेगळा ठेवावा.

गेल्या वर्षी मामीला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेलो. थोडं रक्त घेतलं, चाचणी झाली. लागण नव्हती. परतताना एसटीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “एवढंच होतं होय रे? ह्यांचं कुणी आधी केलं असतं तर…”